भीड भिकेची बहीण : खरेदीच्या वेळी आपलं मन कसं वळवलं जातं



खरिपाच्या तोंडावर या कार्यक्रमात बियाणं, बीजप्रक्रिया, खताच्या मात्रा यांची माहिती नेहमी दिली जाते. तुम्ही ती ऐकता, कोणी वहीत टिपूनही ठेवता. पण पुष्कळदा असं होतं, की घरून एक ठरवून निघालेला माणूस दुकानातून भलतंच घेऊन येतो. यादीत एक, पिशवीत दुसरं. घरी कोणी विचारलं, "हे कशाला आणलं?" तर सांगता येत नाही. "दुकानदार म्हणाला चांगलं आहे, म्हणून आणलं," एवढंच उत्तर. आज मी बोलणार आहे ते दुकानातल्या त्या अर्ध्या तासाबद्दल. त्या अर्ध्या तासात आपल्या मनाचं काय होतं, आणि ते आपल्या ताब्यात कसं ठेवायचं, याचा आज विचार करू.

आधी घरचीच गोष्ट सांगतो. आमचे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणत असू. व्यवहाराला पक्के. बैलबाजारात त्यांना कोणी फसवल्याचं मला आठवत नाही. एका वर्षी मृग निघाला, आभाळ भरून आलं, आणि आबा सोयाबीनचं बियाणं आणायला तालुक्याला गेले. नेहमीचं वाण घ्यायचं ठरलेलं होतं. दुकानदाराने बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, गुडघ्याचं दुखणं विचारलं. मग म्हणाला, "आबा, ते जुनं वाण आता कोण घेतंय? तुमच्या गावातले सगळे हे नवं नेतायत. एवढ्या पाचच बॅगा राहिल्यात. हे कंपनीचे साहेब इथंच बसलेत, त्यांना विचारा." कंपनीचे साहेब इस्त्रीच्या कपड्यात, हातात चकचकीत कागद. त्यांनी एकरी उताऱ्याचा आकडा सांगितला. आबांनी तीन बॅगा घेतल्या. बिल मागितलं, तर दुकानदार म्हणाला, "घरचीच माणसं आपण, बिल कशाला?" आबांना पुन्हा मागायची भीड वाटली. साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून घेतला आणि आले.

पेरलं, पाऊसही झाला, पण उगवण अगदी विरळ. तासात हात-हात अंतरावर एखादं रोप. दुबार पेरणी करावी लागली. सोसायटीचं कर्ज तर आधीच संपलेलं. चुलतीच्या कानातलं गहाण पडलं. तक्रार करावी म्हटलं, तर बिल नाही, आणि रिकाम्या पिशव्यांत बायकांनी गोवऱ्या भरून ठेवलेल्या. बरं, खरी चूक बियाण्याची, की खोल पडलेल्या पेरणीची, हेही कधी कळलं नाही, कारण तपासायला काही शिल्लकच नव्हतं.

मंडळी, याच्या पुढची गोष्ट मला जास्त लागली. आबांनी हे गावात कोणाला सांगितलं नाही. "एवढा शहाणा माणूस, आणि फसला," असं लोक म्हणतील, ही लाज. आणि त्याच आठवड्यात त्याच गावातले आणखी चौघेजण तेच बियाणं घेऊन आले. "गावातले सगळे नेतायत" हे वाक्य आबांना सांगितलं तेव्हा खोटं होतं. आबा गप्प राहिले, म्हणून ते पुढे खरं झालं.

आता प्रश्न असा, की बैलाचे दात मोजणारा माणूस बियाण्याच्या दुकानात कसा फसला? आबा बावळट नव्हते. रोजच्या जगण्यात आपण प्रत्येक गोष्ट तपासत बसत नाही. तेवढा वेळच नसतो. म्हणून मनाने काही आडवाटा पाडून ठेवलेल्या असतात. ज्याने दिलं त्याला परत द्यावं, दिलेला शब्द पाळावा, चारचौघं करतात ते बहुधा बरोबर असतं, जाणत्याचं ऐकावं, आपल्या माणसावर विश्वास ठेवावा, दुर्मीळ ते मोलाचं. या सगळ्या चांगल्याच सवयी आहेत. त्यांच्यावरच गाव चालतं. पण विकणाऱ्याला या आडवाटा ठाऊक असतात, आणि तो नेमका तिथे येऊन उभा राहतो.

रॉबर्ट चाल्डिनी नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. विक्रेते माणसांना कसे वळवतात हे पाहण्यासाठी ते स्वतः उमेदवार म्हणून विक्रीच्या कामात शिरले, तिथल्या युक्त्या आतून पाहिल्या आणि १९८४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. वर सांगितलेल्या सहा सवयी त्यांनीच त्यात मांडल्या आहेत. त्या आपल्या दुकानात आणि आपल्या ओसरीवर कशा दिसतात, ते एकेक करून पाहू.

पहिली, चहाची भीड. कोणी काही दिलं, की आपल्याला ओझं वाटतं. १९७१ साली अमेरिकेत डेनिस रीगन या संशोधकाने एक साधा प्रयोग केला. एका माणसाने सोबतच्या माणसाला न मागता शीतपेयाची बाटली आणून दिली, आणि थोड्या वेळाने लॉटरीची तिकिटं घ्यायची विनंती केली. ज्यांना बाटली मिळाली होती, त्यांनी इतरांपेक्षा सुमारे दुप्पट तिकिटं घेतली. बाटलीपेक्षा तिकिटांचे पैसे जास्त झाले, तरी घेतली. आपल्याकडे चहा, टोपी, कॅलेंडर, कंपनीचं जेवण, एखादी सहल, याचं काम तेच. चहा जरूर प्या, चहाला नाही म्हणायचं कारण नाही. पण मनाशी हिशोब पक्का ठेवा, की चहाची फेड चहाने होते. उद्या तो आपल्या दारी आला तर त्याला चहा पाजू. औषधाची बाटली घेऊन चहाची फेड करायची नसते.

दुसरी, लहान होकाराची पायरी. १९६६ साली कॅलिफोर्नियात फ्रीडमन आणि फ्रेझर या दोघांनी लोकांना विचारलं, "गाड्या सावकाश चालवा असा मोठा बेढब फलक तुमच्या अंगणात लावू का?" शंभरात सतराजण कसेबसे हो म्हणाले. दुसऱ्या काही घरांत त्यांनी दोन आठवडे आधी जाऊन तेवढ्याच अर्थाची एक छोटीशी चिठ्ठी लावायची परवानगी घेतली होती. त्या घरांतले शंभरात शहात्तरजण मोठ्या फलकालाही हो म्हणाले. आपल्याकडे याची सुरुवात कशी होते? "नुसतं नाव आणि मोबाईल नंबर लिहा." "नुसतं मीटिंगला या." "नुसते पाचशे रुपये भरून नाव नोंदवा, नको वाटलं तर परत." एकदा नाव लिहिलं, की आपलाच शब्द आपल्याला बांधतो. म्हणून पहिल्या होकाराच्या वेळीच विचारावं, की याची शेवटची पायरी कोणती? एकूण किती पैसे, किती वर्षं, आणि बाहेर पडायचं झालं तर काय? खताच्या दुकानात एक वेगळाच प्रकार चालतो. युरिया हवा तर ही दुसरी पिशवीही घ्या. यात मन वळवणंसुद्धा नाही, ही सरळ अडवणूक आहे. आपण तिला 'लिंकिंग' म्हणतो. असं लादणं नियमाला धरून नाही, त्याची तक्रार कृषी विभागाकडे करता येते.

तिसरी, "सगळे घेतायत." आणि तिच्याच जोडीला चौथी, "आपलाच माणूस आहे." या दोन एकत्र आल्या, की भले भले वाहून जातात. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांत पैसे गुंतवलेले कितीतरी जण आठवतील. अलीकडचं सांगायचं तर २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबडीपालनाची योजना बुडाली. पैसे भरा, पिल्लं आम्ही देतो, अंडी आणि पक्षी आम्हीच विकत घेतो, अशी हमी होती. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची खरी, चांगली जात. खोट कोंबडीत नव्हती. पण घेणारा हात आखडला तेव्हा लोकांच्या अंगणात पक्षी राहिले आणि डोक्यावर कर्ज. अशा योजना गावात अनोळखी माणूस आणत नाही. मेव्हणा आणतो, साडू आणतो, शाळेतला जुना सोबती आणतो. तो खोटं बोलत असतो असंही नाही. त्याने स्वतः पैसे भरलेले असतात, सुरुवातीचा एखादा हप्ता त्याला मिळालेलाही असतो. म्हणून आपल्या माणसाला एवढंच विचारावं, "तुझे भरलेले सगळे पैसे परत आले का? आणि कंपनीने घेतलं नाही, तर हा माल बाजारात दुसरा कोण घेईल?" दुसरा घेणारा दिसत नसेल तर मोह आवरावा. अशी विचारपूस केल्याने नातं तुटत नाही. पैसे बुडाल्यावर मात्र नक्की तुटतं.

पाचवी, मोठ्या माणसाचा शब्द. इस्त्रीचे कपडे, इंग्रजी नावं, पडद्यावरचा नट, मोबाईलवर "मी बँकेतून साहेब बोलतोय" असा आवाज. आपण जाणत्याला मान देतो, आणि द्यावाच. पण दोन गोष्टी विचाराव्यात. हा माणूस या विषयातला जाणता आहे का? आणि मी हे घेतलं तर याला काय मिळणार आहे? क्रिकेट खेळणाऱ्याने ट्रॅक्टरबद्दल सांगितलं, तर ते त्याच्या जाणतेपणातलं नव्हे. औषधाचा खरा सल्ला डब्यावरच्या लेबलात आणि माहितीपत्रकात असतो. कोणत्या पिकाला, कोणत्या किडीला, किती मात्रा, हे तिथे छापलेलं असतं. त्यावरच्या त्रिकोणाचा रंगही पाहा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवाही विषाचाच, फक्त कमी. आणि फोनवर ओटीपी किंवा पिन मागणारा कितीही मोठ्या पदाचं नाव सांगो, त्याला तो द्यायचा नाही. खरी बँक ते मागत नाही.

सहावी, "एवढंच उरलंय, आजच घ्या." मृगाचं आभाळ, शेजाऱ्याच्या तिफणी चालू झालेल्या, आणि दुकानात पाचच बॅगा. अशा वेळी माणसाला भाव सुचत नाही, बिल सुचत नाही. आता हे खरं, की चांगल्या वाणाचा कधीकधी खरोखर तुटवडा पडतो. म्हणूनच यावर दुकानात उभं राहून उपाय नाही. तो आधीच करायचा असतो. वाण कोणतं, किती, कोणत्या भावाचं, हे उन्हाळ्यात डोकं थंड असताना ठरवा, आणि गर्दी व्हायच्या आत घ्या. घरचं सोयाबीन असेल तर त्याची उगवण घरीच तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडा, गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा, सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त निघाले तर बियाणं पेरण्याजोगं. आणि ढग पाहून धावू नका. सोयाबीनला पेरणीयोग्य ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही. ज्याला दोन दिवस थांबता येतं, त्याच्यावर घाईची मात्रा चालत नाही.

आता बंधूंनो, मला एक कबुली द्यायची आहे. एवढा वेळ मी दुकानदाराबद्दल बोललो. पण मीही बरीच वर्षं कृषी विस्ताराचं काम केलं, आणि लोकांना वळवणं हाच माझा धंदा होता. एका वर्षी गांडूळखताच्या खड्ड्यांचं उद्दिष्ट पुरं करायचं होतं. मी सभेत सांगितलं, "शेजारच्या गावात सगळ्यांनी खड्डे घेतले, तुम्हीच मागे." शेजारच्या गावात खरं तर तिघांनीच घेतले होते. लोकांनी भराभर नावं दिली. माझा आकडा पुरा झाला. उन्हाळ्यात गेलो तर बहुतेक खड्डे कोरडे, गांडुळं मेलेली. एक बाई म्हणाल्या, "साहेब, प्यायला पाणी दोन कोसांवरून आणतो. खड्ड्यावर काय शिंपडायचं, हे तुम्ही विचारलंच नाही." गांडूळखत चांगलं, हे माझं म्हणणं खरंच होतं. पण मी ते खोट्या वाटेने गळी उतरवलं, म्हणून ते टिकलं नाही. पुढे त्या गावात मी खरं सांगितलेलंही लोक जपूनच ऐकत. ते त्यांचं बरोबरच होतं.

तेव्हा मन वळवणं ही वाईट गोष्ट नाही. मुलीची शाळा सोडवू नका म्हणून भावाला वळवावं लागतं, पाणी वाटून घेऊ म्हणून शेजाऱ्याला वळवावं लागतं. प्रश्न एवढाच, की खरं दाखवून वळवायचं, की घाई करून आणि भीड घालून.

खरं दाखवून वळवणं कसं असतं, याचं एक जुनं उदाहरण शेतीतलंच आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात मक्याचं संकरित बियाणं नवं आलं, तेव्हा ते शेतकऱ्यांत कसं पसरलं, याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या दोघांनी केला. तो १९४३ साली प्रसिद्ध झाला. दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांना त्यांनी गाठलं. १९२८ ते १९४१ या काळात दोघे सोडून सगळ्यांनी ते बियाणं स्वीकारलं होतं. बियाण्याची पहिली बातमी सगळ्यात जास्त जणांना विक्रेत्यांकडून कळली. पण पुष्कळांची खात्री पटली ती शेजाऱ्यांमुळे. आणि सरसकट सगळ्या रानात बहुतेकांनी एकदम पेरलं नाही. आधी थोड्या जागेत करून पाहिलं, पुढच्या वर्षी वाढवलं. बियाणं चांगलं होतं, म्हणून ते थांबणाऱ्यांच्या परीक्षेलाही उतरलं. विक्रेत्याची घाई नसती, तरी काही बिघडलं नसतं.

आपणही हेच करावं. नवं वाण, नवं औषध, नवं टॉनिक, काहीही असो, पहिल्या वर्षी चार तासांत किंवा दोन-चार गुंठ्यांत. शेजारी आपलं नेहमीचं. दोन्हीला खतपाणी सारखं. काढणीला दोन्हीचं वजन वेगळं. मग कोणाच्या चकचकीत कागदाची गरज राहत नाही. आणि खऱ्या सल्लागाराची खूणही यातच आहे. "थोडं करून पाहतो" म्हटल्यावर तो रागावत नाही. "उद्या सांगतो" म्हटल्यावर त्याचा भाव बदलत नाही. हे कुठे चालत नाही, तेही तो आपणहून सांगतो. आणि बोललेलं लिहून द्यायला तो कचरत नाही.

एक साधी रीत घरात पाडून घ्या. ठरावीक रकमेच्या वरची कोणतीही न ठरलेली खरेदी त्याच दिवशी करायची नाही. मध्ये एक रात्र जाऊ द्यायची, आणि घरात बोलायचं. कारभारणीला विचारल्याशिवाय मोठी खरेदी नाही, हे दुकानात उघड सांगायला लाजू नका. भगिनींनो, तुम्हीही हक्काने विचारा. तो चहा तुम्ही प्यालेला नसता, म्हणून तुमचं डोकं त्या वेळी मोकळं असतं. आणि ज्यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, त्यांच्यासाठी हे वाक्य फार उपयोगी आहे, "घरी विचारून उद्या सांगतो." यात कोणाचा अपमान नाही.

बिलाची मात्र भीड कधीच धरायची नाही. पक्कं बिल घ्या. त्यावर वाणाचं नाव आणि लॉट नंबर असलाच पाहिजे. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, सत्यतादर्शक बियाण्याला हिरवा. पिशवी टॅगच्या विरुद्ध बाजूने फोडा, म्हणजे टॅग शाबूत राहतो. रिकामी पिशवी, टॅग, बिल आणि मूठ-दोन मूठ बियाणं पीक हाती येईपर्यंत जपा. उगवण झाली नाही तर वाट न पाहता पंचायत समितीचे कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार द्या, म्हणजे उभ्या रानाची पाहणी होईल. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच असतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आहे. ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पिकाबद्दल शंका असेल तर किसान कॉल सेंटर, क्रमांक १८००-१८०-१५५१. इथे सल्ला देणाऱ्याला तुम्हाला काही विकायचं नसतं.

आणि शेवटची गोष्ट. फसलात तर बोला. आबांनी दोन वर्षांनी ही हकीकत एका लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर सांगितली. हसण्यावारी नेत सांगितली, पण सांगितली. तेव्हा एकेक करून ते चौघेही बोलले. त्यातल्या एकालाही दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. पुढच्या खरिपात त्या पाचजणांनी एकत्र जाऊन बियाणं घेतलं. पाच माणसं सोबत असली, की भीड उरत नाही. त्या दिवशी दुकानदाराने चहा मागवला. तो सगळे प्याले, आणि पाचही बिलं लॉट नंबर तपासून खिशात घातली.

लक्षात ठेवा :
१. काय घ्यायचं ते घरी लिहून ठरवा, यादीबाहेरचं त्याच दिवशी घेऊ नका.
२. चहाची फेड चहाने करा.
३. पहिल्या होकाराआधी शेवटची पायरी विचारा.
४. "सगळे घेतायत" म्हटलं, तर त्यातल्या दोघांना स्वतः भेटा.
५. नवं काहीही असो, आधी थोड्या जागेत करून पाहा.
६. बिल, टॅग, पिशवी आणि थोडं बियाणं जपून ठेवा.
७. फसलात तर गावात सांगा, दुसरा वाचेल.